तीन महिन्यांच्या गोळ्या

पेण,
शनिवार, २२ मार्च २०२५

अहो,

सरूचा नमस्कार. तुम्ही रोह्याला मजेत असाल, बहिणीच्या हातचं खाऊन. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे पत्रात लिहायची रीत असते तेवढं ठीक.

पत्र बघून हसाल. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला एकदाच पत्र लिहिलं होतं, सुरभीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी गागोद्याला होते तेव्हा. त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. पण फोनवर बोलायची सोय तुम्ही ठेवलीत कुठे? तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून अनसूया फोन स्पीकरवर टाकते, आणि मी काय बोलते ते तुम्ही सोडून तिच्या घरातल्या सगळ्यांना ऐकू जातं. तुम्ही "बरा हाय, बरा हाय" म्हणता आणि फोन परत तिच्या हातात. म्हणून हे कागदावर. नितेश आज पापडाचे खोके न्यायला आलाय, त्याच्याजवळ देते. तुमच्या भाच्याला सांगून ठेवलंय, पत्र मामांच्याच हातात द्यायचं, आईच्या नाही.

मुद्द्याचं आधी लिहिते. काल तुमचा निळ्या चौकड्यांचा शर्ट धुवायला काढला तर खिसा जड. आत गोळ्या. सुरभीने आणलेला तो सात वारांचा डबा मी भरून दिला होता, त्यातल्या सगळ्या सुट्या गोळ्या आणि वरच्या पट्ट्यासुद्धा. पाण्याची, प्रेशरची, ती अर्धी करून घ्यायची पांढरी. म्हणजे माझ्यासमोर डबा पिशवीत टाकलात तो रिकामा! गोळ्या नकोत तर नकोत म्हणायचं होतंत, रिकामा डबा न्यायचं नाटक कशाला? होळीच्या दिवशी गेलात, आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस एकही गोळी नाही. मी हात धुऊन तशीच न्हाणीत बसून राहिले.

तुम्ही रागावलात ते मला मान्य आहे. पण राग माझ्यावर होता ना? मग गोळ्यांनी काय घोडं मारलं? त्या दिवशी सकाळी मी एवढंच म्हटलं की चहाच्या आधी काट्यावर उभे राहा. त्यावर तुम्ही शेजारच्यांना ऐकू जाईल असं ओरडलात, "मी काय बोकड हाय रोज वजन करायला?" पापड लाटायला आलेली गिरजाबाई लाट्या टाकून तोंड फिरवून हसली. मी हसले नाही. डिसेंबरात दवाखान्यातून घरी आल्यापासून रोज सकाळी तेच सांगायचं, रोज तेच ऐकायचं, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी तुमचं वजन लिहायचं, याचा मला काय आनंद वाटतो? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून करते. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा, असं त्यांनी बजावलंय. मला हौस नाही.

लाट्यांचं मात्र माझं चुकलं, ते मी लिहून देते. घरी आल्यावर तुमचं वरचं मीठ बंद केलं, लोणचं बंद केलं, सुकट तर घरात येऊच दिली नाही, आणि दुपारी पीठ तिंबून झालं की वाटीत दोन लाट्या आणि तेल तुमच्यासमोर ठेवत राहिले. मीठ आणि खार बरोबर पडलाय का ते तुम्हीच चाखून सांगायचं, ही आपल्याकडची तीस वर्षांची रीत. कंपनीतून पहाटेची शिफ्ट करून आलात तरी आधी लाटी, मग आंघोळ. मला ते कधी खाणं वाटलंच नाही. फेब्रुवारीत पाय पुन्हा सुजले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी धंदा कसला करता? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, पापडाचा. त्यांनी कपाळाला हात लावला. मीठ तर आहेच, वर पापडखारही मिठाचाच भाऊ निघाला. मी अळणी भाजी करून घरात भांडणं ओढवून घेत होते आणि दुपारी स्वतःच्या हाताने तुम्हाला मीठ चारत होते.

त्या दिवसापासून मी तुमचं चाखणं बंद केलं आणि तुम्ही बोलणं. गिरजाबाईच्या जिभेला मीठ कळत नाही. परवाचा घाणा खारट झाला, सगळा शेजारी वाटून टाकला. तुमची जीभ लागते, हे मी कबूल करते. पण ती मला जिवंत माणसाची लागते.

बाकी खबर अशी. ऊन कडक पडलंय, दोन दिवसांत पापड खडखडीत वाळतात. मिरगुंडांची मागणी वाढली आहे. सुरभी पाडव्याला येते म्हणाली, छोट्याला घेऊन. तिला मी तुमचं काही सांगितलेलं नाही, अनसूयाकडे चार दिवस राहायला गेलेत एवढंच सांगितलंय.

सोबत सगळ्या गोळ्या पाठवतेय. तुम्ही म्हणाल, तीन महिन्यांचा कोर्स होता, तो संपला. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, कोर्स आणखी तीन महिने वाढवायचा. तेव्हा मुकाट्याने सुरू करा. आणि अनसूयाच्या सुनेकडे काटा असेल, उद्या सकाळी वजन करून आकडा कळवा. एवढं काम झालं की मग हवं तितकं रागवा.

बरंच काही बोलायचं आहे, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आल्यावर बोलू.

काट्याजवळ वाट बघत,
सरू


रोहा,
२५ मार्च

सरू,

पत्र मिळालं. गोळ्या नितेशजवळ परत पाठवतोय. पट्ट्या फोडलेल्या नाहीत, औषधवाला परत घेतो का बघ. तीन महिने झाले, आता त्यांचा काय उपयोग. आणखी तीन महिन्यांचं तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस, एवढं मला कळतं.

इकडे बरा आहे. अनसूया खायला घालते. वजन चार किलो वाढलं. ती खूश आहे.

लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात हिरवी फाइल आहे. पेन्शनचे आणि घराचे कागद क्रमाने लावून ठेवलेत. सुरभी आली की तिच्यासमोर उघड.

तू इकडे येऊ नकोस. हंगाम आहे, ऊन चांगलं आहे.

गागोद्याहून पाठवलेलं तुझं ते पत्र तेव्हा पोचलं होतं. काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून उत्तर राहिलं.

महादेव


नागोठणे,
बुधवार, २६ मार्च

अहो,

आज नमस्कार नाही आणि खुशालीही नाही. नितेशची गाडी गॅसच्या रांगेत उभी आहे, पुढे वीसेक गाड्या आहेत. मांडीवर पापडाचा रिकामा खोका घेऊन त्यावर लिहितेय. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाचा.

तुमची चिठ्ठी काल संध्याकाळी मिळाली. मला काही कळलं नाही. खरं सांगते, नुसता संताप आला. गोळ्या परत पाठवल्या, वर औषधवाल्याला विकायला सांगतात, वजन वाढलं म्हणून ऐट मिरवतात, असंच वाटलं. फाइलीचं वाचून म्हटलं, निवृत्त झाल्यापासून यांना कागद लावायचा नादच लागलाय. गिरजाबाईसमोर तुम्हाला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आज सकाळी सात वाजता अनसूयाचा फोन आला. गच्चीवर जाऊन केला होता, स्पीकरवर नव्हता. आधी रडली. मग म्हणाली, "वैनी, तुला म्हायीत व्हतं नं? मंग मला का नाय सांगितलंस? दादाला डाक्टरनी तीनच म्हैने सांगितलंत. ते भरलं म्हनतो. काल नितेशला घड्याळ काढून दिलं."

मी विचारलं, कोण म्हणालं असं? तर म्हणे तुम्हीच सांगितलंत तिला. दवाखान्याच्या कार्डावर हार्ट फेल्युअर लिहिलेलं तुम्ही डिसेंबरातच वाचलं होतंत. शेजारी तीस टक्के लिहिलेलं. आणि बायको सांगते गोळ्या फक्त तीन महिने. मग तुम्ही हिशेब केलात की पुढच्या गोळ्या दिल्या नाहीत, म्हणजे पुढे त्या घ्यायला माणूस असणार नाही.

देवा! अहो, एवढी वर्षं मी तुमच्या डोक्याचं कौतुक करत आले.

आणि हेही तिच्याकडूनच कळलं की तुम्ही रोह्याला माझ्यावर रागावून गेलातच नाही. होळीच्या सकाळचं भांडण तुम्ही मुद्दाम उकरून काढलंत. सरूच्या डोळ्यांदेखत नको, हंगामाच्या दिवसांत तिच्या गळ्यात नको, म्हणून बहिणीकडे येऊन बसलात. मला हे ऐकून रडू आलं नाही. राग आला. अजून आहे. पण आता त्यातला निम्मा माझा माझ्यावर आहे, आणि तोच लिहायला बसले आहे.

ऐका. अठरा डिसेंबर. तुम्हाला घरी सोडायच्या दिवशी आपण डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसलो होतो. त्या हळू बोलणाऱ्या, त्यात तोंडाला मास्क, आणि तुमचे कान पंपहाउसच्या आवाजात एकतीस वर्षं राहून गेलेले. म्हणून नेहमीसारखं त्या मला सांगत होत्या आणि मी तुमच्या कानात ओरडत होते. तुम्ही विचारलंत, "गोळ्या किती दिवस?" त्या म्हणाल्या, "या आयुष्यभर घ्यायच्या आहेत. त्यांना नीट समजावून सांगा." तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. दहा दिवसांत तुमचे गाल बसले होते, शर्टाची कॉलर मोठी झाली होती. मला फेल्युअर हा शब्द उच्चारवेना आणि आयुष्यभर हाही. माझ्या तोंडून निघालं, "तीन महिने!" मोठ्याने. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली.

खोटं बोलले. डॉक्टर नाही, मी. तीन महिने हा आकडा कुठल्याही डॉक्टरने तुमच्याबाबत कधी उच्चारलेला नाही. तो पेणच्या एका पापडवालीने घाबरून बनवला.

त्यामागे माझं गणित असं होतं की तुम्ही गोळ्यांचा कंटाळा करणारे. प्रेशरची गोळी वर्षानुवर्षं डोकं दुखलं तरच घ्यायचात, त्यापायीच हे सगळं झालं असं त्या म्हणतात. आयुष्यभर म्हटलं असतं तर तिथेच वैतागला असतात. म्हटलं तीन महिने घेऊ देत, मग म्हणेन आणखी तीन, असं ढकलत नेऊ. पुढच्या दोन्ही खेपांना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्यांना सांगितलंत का? मी हो म्हटलं. दोन्ही वेळा. आणि शनिवारच्या पत्रात पुन्हा तेच लिहिलं. आणखी तीन महिन्यांचं तेही खोटंच होतं, त्या दिवशी मी त्यांना फोन केलेला नव्हता. तुम्ही ते खोटं ओळखलंत, पण कुठलं खोटं ते तुम्हाला कळलं नाही.

आता खरं काय ते सांगते. आज सकाळी मी त्यांना खरोखर फोन केला आणि एकेक गोष्ट विचारून घेतली.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही. बंद पडणं वेगळं, ॲटॅक वेगळा. तुमचं हृदय चालू आहे, पण कमजोर झालंय. डिसेंबरात त्यांनी मला चित्र काढून दाखवलं होतं तेव्हाच मनात आलं होतं की हे यांना माझ्याआधी कळेल, यांनी जन्मभर तेच काम केलंय. पंप चालू आहे, पण जेवढं पुढे ढकलायला हवं तेवढं ढकलत नाही, मग मागच्या लाइनीत तुंबतं. पायांत तुंबलं की सूज येते. छातीत तुंबलं की दम लागतो, आडवं झालं की जास्तच. मीठ खाल्लं की अंगात पाणी थांबून राहतं, म्हणून मीठ कमी. पाण्याची गोळी ते पाणी लघवीवाटे बाहेर काढते. बाकीच्या गोळ्या हृदयावरचा ताण हलका करतात. मुरलेल्या दुखण्याला रोजची गोळी लागते, तुमच्या अनसूयाला नाही का साखरेची लागत? ती घेते वीस वर्षं, आणि चांगली ठणठणीत आहे, माझ्याशी भांडण्याइतकी.

आणि ते तीस टक्के. तुम्ही पस्तीसला पास धरून स्वतःला नापास करून टाकलंत ना? मीही तेच धरलं होतं, म्हणून तर तो आकडा तुमच्यापासून लपवला. धडधाकट माणसाचासुद्धा आकडा साठच्या आसपास असतो. एका ठोक्याला आतलं सगळं रक्त कुणाचंच हृदय बाहेर टाकत नाही. म्हणजे तुमचं निम्मं आहे. कमी आहे, खोटं कशाला सांगू. पण गोळ्या नेमाने घेतल्या तर काहींचा आकडा चाळीसवर, पंचेचाळीसवर येतो. मी त्यांना आज सरळ विचारलं, बाई, किती दिवस आहेत यांचे? म्हणाल्या, "तारीख कुणाचीच सांगता येत नाही. पण सांभाळून राहणारे माझे पेशंट वर्षानुवर्षं येतात." आणि मग विचारलं, तेरा दिवस गोळ्या बंद ठेवायचा सल्ला त्यांना कोणी दिला? मी म्हटलं, मी.

चार किलो वजन वाढलंय ते अनसूयाच्या हातचं जेवण नाही. पंधरा दिवसांत कुणाच्या अंगाला एवढं लागत नाही. ते पाणी आहे. ती बिचारी आनंदाने सगळ्यांना सांगत सुटली आणि खारवलेली मच्छी वाढत राहिली. तिला काही बोलू नका, तिला कोण सांगणार होतं? ती म्हणाली, दादा पाच दिवस जिना उतरलेला नाही, गॅलरीतल्या खुर्चीतच बसून झोपतो, आडवं व्हायला नको म्हणतो, चपला पायांत जात नाहीत. ती समजते, हे शेवटचं आलं. तुम्हीही तेच समजून गप्प बसलात. अहो, हे शेवटचं नाही, हे गोळ्या बंद केल्याचं आहे. हेच डिसेंबरातही झालं होतं, आणि दवाखान्यात पाणी काढल्यावर चौथ्या दिवशी तुम्ही आडवे होऊन घोरायला लागला होतात. पण आज नेलं नाही तर मात्र तुम्ही समजताय तेच खरं होईल. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, आजच, दुपारच्या आत. जवळ पडतो म्हणून आधी रोह्यातल्याच दवाखान्यात न्यायला सांगितलंय. तिथल्या डॉक्टरांशी त्या बोलल्यात, नाव नोंदवून ठेवलंय.

नितेश म्हणतो आता चार गाड्या राहिल्या.

एक गोष्ट मला सकाळपासून खातेय. ते कार्ड आपल्या टीव्हीखालच्या खणात होतं. तुम्ही ते काढून वाचायचात आणि तसंच घडी घालून ठेवायचात. मीही काढून वाचायचे, तसंच ठेवायचे. इंग्रजी मला अडखळत येतं, पण तेवढे दोन शब्द मला पाठ झाले होते. एका खोलीत, एका कॉटवर, तीन महिने आपण दोघं त्या दोन शब्दांवर बसून राहिलो आणि दिवसभर भांडलो कशावरून, तर मिठावरून. तुम्ही एकदा विचारलं असतंत, "सरू, हे काय लिहिलंय?" मी एकदा सांगितलं असतं. काय होतं त्यात? मला इतकी चीड आली आहे, तुमची, माझी, त्या खणाची, की ही रांग सोडून चालत निघावं असं वाटतंय.

आणि लाट्या. मी तुमच्यासमोरची वाटी उचलली तेव्हा कारण सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, आता गिरजाबाई बघेल. तुम्हाला वाटलं असेल, मी आतापासूनच तुमच्याशिवाय धंदा चालवायची सवय लावून घेतेय. आज पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं. तसं नव्हतं हो. कणभर चाखून थुंकलेलं चालेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी तुम्हाला ओळखते, तुम्ही थुंकणार नाही, म्हणून तेही सांगितलं नाही. तुमच्या वतीने सगळं मीच ठरवत गेले. कानात ओरडता ओरडता तुमच्या कानावर काय पडावं हेही माझ्याच हातात आलं आणि मला त्याची सवय झाली.

यापुढे कार्ड तुमच्याकडे. डॉक्टरांना काय विचारायचं ते तुम्ही कागदावर लिहायचं आणि त्यांनी कागदावरच उत्तर द्यायचं, मी मध्ये नाही. कानाच्या यंत्राचंही बघू, या खेपेला तुमचं काही ऐकणार नाही.

गॅस भरला. निघतोय. भिसे खिंडीत लिहिता येणार नाही.

आलो. अनसूयाच्या इमारतीसमोर रस्त्यापलीकडे गाडी लावली आहे. वर गॅलरीत तुम्ही बसलेले दिसताय. तोंड दिसत नाही, दोरीवरच्या चादरीआड आहे. गजांमधून तुमचे पाय दिसतायत. घोटे कुठे आहेत ते कळत नाही. मला वाटलं होतं, बघितल्यावर राग जाईल. नाही गेला.

मी एकदम वर का येत नाही म्हणाल, तर वर अनसूया, तिची सून, शेजारीण, सगळ्या असतील, आणि तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला ओरडावं लागेल की मी नवऱ्याशी खोटं बोलले. तेवढी हिंमत अजून आली नाही. शिवाय डिसेंबरात मी तुमच्या कानात जे ओरडले त्यावर तुम्ही विश्वास ठेवलात. आज माझ्या ओरडण्यावर तुम्ही का ठेवावा? म्हणून आधी हे वाचा. नितेश आता घेऊन वर येतोय. कार्डही याच पाकिटात घातलंय. डॉक्टरीणबाईंचा नंबर त्याच्या पाठीमागे लिहिला आहे, माझ्यावर भरवसा नसेल तर नितेशला लावून द्यायला सांगा, त्या तुमच्याशी मोठ्याने बोलायला तयार आहेत.

वाचून झालं की उठू नका. जिना उतरायचा शहाणपणा करू नका. बसल्या जागेवरून नुसता हात वर करा, म्हणजे मी येते. नितेश आणि त्याचा शेजारी तुम्हाला खुर्चीसकट उतरवतील, तसं बोलून ठेवलंय. हात वर केला नाहीत तरी दहा मिनिटांनी येणारच आहे, हे आधीच सांगून ठेवते, आता लपवायचं काही नाही. पण तुम्ही करावा. मला तो बघायचाय.

गाडीतून उतरून रस्त्यावर उन्हात उभी आहे, तुम्हाला दिसेल अशी,
तुमची खोटारडी
सरू